शंभर टक्क्यांची भूल आणि हिरकणीचा बुरूज

गेल्या दिवाळीत डोंबिवलीला बहिणीच्या घरी एका स्थळाची मंडळी आली होती. भाचा बंगळुरूला एका मोठ्या कंपनीत नऊ वर्षे नोकरीस आहे. संगणकाच्या चिपवर काम करतो, एवढीच माहिती आम्हां घरच्यांनाही होती. चहा-पोहे झाल्यावर मुलीच्या वडिलांनी कौतुकाने विचारले, "म्हणजे चिपचे डिझाइन तुम्ही करता?" भाचा म्हणाला, "नाही काका. डिझाइन दुसरे करतात. ते बरोबर आहे की नाही, हे आम्ही तपासतो." "अच्छा, म्हणजे टेस्टिंग!" असे म्हणून त्या सद्गृहस्थांनी विषय बंगळुरूच्या घरभाड्याकडे वळवला.

त्या 'अच्छा'मध्ये आपल्या सुशिक्षित समाजाचा एक जुना पूर्वग्रह दडलेला आहे. करणारा तो श्रेष्ठ, तपासणारा तो दुय्यम. बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर, आणि भेग दाखवणारा मात्र विघ्नसंतोषी! हा लेख त्या 'अच्छा'च्या विरोधात आहे. देश आज स्वदेशी चिपचे स्वप्न पाहत असताना हा पूर्वग्रह केवळ अशोभनीय नाही, तो घातक आहे.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. विद्युतमंडल आणि विद्युतदाहिनी यांत फरक आहे, इतपतच त्याचे विज्ञान. म्हणून त्या रात्री गच्चीवर बसून भाच्याकडून हा विषय मुळापासून समजून घेतला, नंतर काही वाचन केले आणि जे उमगले ते वाचकांपुढे ठेवत आहे.

तपासणे म्हणजे नेमके काय?

आजची चिप कोणी रेषा ओढून काढत नाही. ती लिहिली जाते. व्हेरिलॉग ही त्यासाठीची एक प्रमुख भाषा १९८४ च्या सुमारास अमेरिकेत 'गेटवे डिझाइन ऑटोमेशन' या कंपनीत जन्मली. त्या कंपनीचे संस्थापक प्रभू गोयल हे आपल्या आयआयटी कानपूरचे विद्यार्थी, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. या भाषेत लिहिलेले डिझाइन प्रत्यक्ष सिलिकॉनवर उतरवण्यापूर्वी संगणकावर लुटुपुटीने चालवून पाहतात. त्याला सिम्युलेशन म्हणतात.

पण नुसते चालवून काय कळणार? त्यासाठी डिझाइनभोवती दुसरा एक कार्यक्रम लिहावा लागतो, त्याचे नाव टेस्टबेंच. परीक्षेच्या दालनाशी त्याची तुलना करता येईल. त्यात प्रश्न काढणारा असतो, ते प्रश्न डिझाइनला विचारणारा असतो, मिळालेली उत्तरे टिपून घेणारा असतो आणि मूळ अपेक्षेवरून स्वतंत्रपणे काढलेल्या उत्तराशी ती ताडून पाहणारा असतो. डिझाइन हा केवळ परीक्षार्थी. मोठ्या प्रकल्पात हे परीक्षेचे दालन उभारण्याचे काम डिझाइनइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वेळ आणि माणसे खाते.

कोणी म्हणेल, सगळेच प्रश्न विचारून टाका, म्हणजे झाले! प्रत्येकी ३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारे एक साधे मंडल घ्या. त्याला विचारता येतील असे सर्व प्रश्न किती? बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुप्पट करत गेल्यास ६४ घरांत किती धान्य होईल, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. तीच वीस अंकी संख्या, केवळ एका दाण्याने अधिक. सेकंदाला १०० कोटी प्रश्न विचारले, तरी ते संपायला सुमारे ५८५ वर्षे लागतील. शिवछत्रपतींच्या जन्माआधी पावणेदोनशेहून अधिक वर्षे आरंभ केला असता, तर आता कुठे काम संपत आले असते. आणि ही झाली एक बेरीज. चिपमध्ये असली मंडले अगणित.

तेव्हा सर्व प्रश्न विचारता येत नाहीत. निवडावे लागतात. मर्यादा घालून दिलेले यदृच्छ प्रश्न यंत्राकडूनच काढून घेतात, आणि त्यांतून डिझाइनचा कोणता भाग प्रत्यक्ष चालवून झाला, कोणती परिस्थिती येऊन गेली, याची नोंद ठेवतात. या नोंदीला कव्हरेज म्हणतात. आपल्या भाषेत व्याप्ती. अमुक इतके टक्के व्याप्ती झाली, एवढी शिल्लक आहे, असा फलक दररोज सकाळी संगणकाच्या पडद्यावर दिसतो. अनर्थाचे मूळ याच फलकात आहे.

एका भागाकाराची किंमत

१९९४ सालची गोष्ट. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळसंख्यांवर काम करत होते. त्यांच्या नव्या पेंटियम संगणकाचे उत्तर जुळेना. आधी त्यांनी स्वतःच्या आज्ञावलीवर संशय घेतला, मग इतर सुट्या भागांवर. एकेक शक्यता बाद करत अखेर त्यांचे बोट खुद्द इंटेलच्या चिपवर गेले. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले असता १.३३३८२०४४९ असे उत्तर यायला हवे; पेंटियम १.३३३७३९०६८ असे देई. चौथ्या दशांशस्थळापासून सारेच चूक.

कारण काय निघाले? भागाकार जलद व्हावा म्हणून चिपमध्ये एक तयार सारणी ठेवलेली होती. जिथे मूल्य असायला हवे अशा १०६६ जागांपैकी ५ जागा रित्या राहिल्या होत्या. इंटेलने आरंभी सांगितले, सामान्य वापरकर्त्याला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. पुढे आयबीएमने त्या चिपचे संगणक पाठवणे थांबवले, लोकक्षोभ वाढला, आणि २० डिसेंबर १९९४ रोजी कोणतेही कारण न विचारता चिप बदलून देण्याची घोषणा इंटेलला करावी लागली. त्यापोटी कंपनीने ४७ कोटी ५० लाख डॉलरचा बोजा हिशेबात दाखवला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ती पेंटियम न तपासता बाजारात आली होती, असे कोणीही म्हणणार नाही. भागाकाराचे मंडल चाचणीत असंख्य वेळा चालले असणार. 'हा भाग चालवून पाहिला का?' या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच येणार. 'त्या पाच घरांत काय आहे?' हा प्रश्न मात्र जगाला एका प्राध्यापकाने विचारला, आणि तोही चिप लाखो घरांत पोहोचल्यावर.

इंटेलने धडा घेतला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अंकगणिताच्या मंडलांसाठी नमुन्यादाखल प्रश्न विचारण्यावर न थांबता गणिती सिद्धता देण्याची पद्धत त्यांनी अंगीकारली. पुढे पेंटियम ४ च्या वेळी निर्मितीपूर्वी २०० अब्जांहून अधिक आवर्तने सिम्युलेशनमध्ये चालवली गेली. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु सेकंदाला एक अब्ज आवर्तने करणारी प्रत्यक्ष चिप तेवढे काम चारेक मिनिटांत उरकते! हजारो यंत्रांच्या दीर्घ परिश्रमांतून चिपच्या आयुष्यातील चार मिनिटे पाहून झाली. उरलेल्या आयुष्याची ग्वाही द्यायची ती प्रश्नांच्या संख्येवर नव्हे, प्रश्नांच्या गुणवत्तेवर.

टक्केवारीची भूल

आता त्या फलकाकडे वळू. 'व्याप्ती १०० टक्के' याचा अर्थ चिप निर्दोष, असा होतो का? मुळीच नाही. त्यात तीन फसवणुकी संभवतात.

पहिली: लिहिलेल्या ओळींची व्याप्ती मोजली, तर ती लिहिलेल्याच ओळींची असते. डिझाइनकर्ता जे लिहायला विसरला, त्याची टक्केवारी कोणतेही यंत्र काढू शकत नाही. नसलेली भिंत रंगवायची राहिली, असे कोण सांगणार?

दुसरी: म्हणून परिस्थितींची वेगळी यादी करतात आणि तिची व्याप्ती मोजतात. पण यादी माणूसच करतो. त्याला जे सुचले नाही ते यादीत नाही, आणि यादीत नाही ते शंभरांत नाही. 'अपेक्षित प्रश्नसंच' पाठ करून शंभर गुण मिळवणारा विद्यार्थी विषयात पारंगत असतोच असे नाही, हे आपल्या घराघरांतील पालकांना वेगळे सांगायला नको.

तिसरी, आणि सर्वांत घातक: एखादी परिस्थिती येऊन गेली म्हणजे तिचे उत्तर ताडून पाहिले गेले, असे नव्हे. प्रश्न विचारला, उत्तर आले, ते चूक की बरोबर हे कोणी पाहिलेच नाही, तरीही फलकावर टक्का चढतो.

आपल्या न्यायशास्त्राने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. जे कवेत यायला हवे ते न येणे, ही अव्याप्ती. म्हणून येथेही आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह होईल. तो टाळावा. नैयायिकांनी चिप तपासल्या नाहीत. मात्र व्याप्तीचा दावा करणाऱ्याने अव्याप्तीचा विचार आधी करावा, ही जी बौद्धिक शिस्त त्यांनी घालून दिली, ती आपण गमावली आहे, हे दुःख खरे.

भाच्याने त्या रात्री स्वतःचा एक अनुभव सांगितला. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्याच्याकडे एका मंडलाची तपासणी होती. येणाऱ्या मागण्यांची तेथे रांग लागते. रांग पूर्ण भरलेली असताना नेमका त्याच क्षणी मंडल पूर्वस्थितीला आणण्याचा संकेत आला, तर काय होते, ही परिस्थिती त्याने यादीत घातली होती. ती काही केल्या येईना. मुदत जवळ आली. फलकावर अठ्ठ्याण्णव टक्के. वरिष्ठ म्हणाले, "ही परिस्थिती प्रत्यक्षात उद्भवणारच नाही. यादीतून वगळ."

"मग?" मी विचारले.

"मग काय, मामा! मी लेखी हरकत घेतली. ती नोंद बाजूला राहिली, परिस्थिती वगळली गेली, फलक शंभरावर आला आणि सर्वांनी मिठाई खाल्ली. काही महिन्यांनी चिप तयार होऊन आली. प्रयोगशाळेत तिसऱ्या दिवशी ती गोठली. रांग भरलेली, आणि वर तोच संकेत."

"आणि तुझी हरकत?"

"ती आठवून देणारा माणूस कोणाला आवडतो?"

चिप म्हणजे छापील पुस्तक नव्हे, की शुद्धिपत्र चिकटवले आणि भागले. तिचे साचे नव्याने करायचे म्हणजे कोट्यवधींचा खर्च आणि कित्येक महिन्यांचा विलंब. विल्सन रिसर्च ग्रुप आणि सीमेन्स यांच्या २०२४ च्या जागतिक पाहणीत पहिल्याच प्रयत्नात यशस्वी ठरलेल्या चिप-प्रकल्पांचे प्रमाण अवघे १४ टक्के आढळले. अपयशाची कारणे अनेक असतात, परंतु तर्कातील चुका हे त्यांतील प्रमुख. ज्या जगात शंभर टक्क्यांचे फलक लागतात, त्याच जगातली ही चौदा टक्क्यांची कहाणी आहे.

आपल्या अंगणात

येथे कोणी विचारील, अमेरिकेच्या आणि बंगळुरूच्या कंपन्यांच्या या भानगडींशी आपला काय संबंध? संबंध अगदी निकटचा आहे.

१९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, तेव्हा प्रत्येक मराठी माणसाची मान उंचावली. ती उंचावणे योग्यच होते. परंतु त्या महासंगणकाच्या हृदयातील प्रक्रियक ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे, टी-८०० घराण्यातील ट्रान्सप्युटर होते. याच टी-८०० चा अपूर्णांकांचे गणित करणारा भाग ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांच्या साहाय्याने, गणिती सिद्धतेच्या पद्धती वापरून विकसित झाला होता. त्याबद्दल १९९० मध्ये ब्रिटनच्या राणीच्या नावाचा तंत्रज्ञान पुरस्कारही दिला गेला. म्हणजे पेंटियमच्या फजितीच्या कितीतरी आधी, ज्या चिपवर आपण आपला अभिमान उभारला, तिचा विश्वास तपासणाऱ्यांनी कमावलेला होता. आपण चिप पाहिली. तिच्यामागची तपासणी पाहिली नाही.

आज चित्र पालटत आहे. आयआयटी मद्रासचा 'शक्ती', आयआयटी मुंबईचा 'अजित' हे प्रक्रियक आपल्या मातीत रचले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना मंजूर केली. सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रोचा 'विक्रम ३२०१' हा मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तयार झालेला ३२ बिटांचा प्रक्रियक पंतप्रधानांना अर्पण करण्यात आला. या सोहळ्याचे छायाचित्र घराघरांत पोहोचले. पण त्या चिपच्या पहिल्या तुकडीची परीक्षा आधीच, डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी ६० मोहिमेत थेट अंतराळात झाली होती, हे किती जणांनी वाचले? आधी परीक्षा, मग सत्कार, हा इस्रोचा क्रम सर्वत्र पाळला जावा, एवढीच आमची मागणी आहे.

यावर पूर्वपक्ष असा येईल: तपासत बसलो तर चिप कधी निघायची? स्पर्धा कोणासाठी थांबत नाही. टक्केवारी नको, तर काम संपले हे ठरवायचे कसे? आक्षेप वजनदार आहे. टक्केवारी फेकून द्या, असे येथे कोणी म्हणत नाही. ती नकाशासारखी आहे. कुठे गेलो नाही हे ती अचूक दाखवते. म्हणूनच ऐंशी टक्क्यांचा फलक उपयोगाचा असतो. शंभरांचा फलक पाहून मात्र नवा प्रश्न विचारायचा: यादीत काय नाही? जे वगळले ते कोणी वगळले, कशाच्या आधारे? मुदत पाळायची तर अवश्य पाळा. पण ज्या शंकेला उत्तर मिळाले नाही, ती शंका म्हणूनच लिहून ठेवा, टक्क्यांत विरघळवू नका.

म्हणून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. जी चिप जनतेच्या पैशांतून घडते, तिची तपासणीची योजना, वगळलेल्या परिस्थिती व त्यांची कारणे, आणि नंतर आढळलेल्या चुका, सुरक्षेला बाध न येईल इतपत प्रसिद्ध व्हाव्यात. तपासणारा गट डिझाइनप्रमुखाच्या हाताखाली नसावा. थांबा म्हणण्याचा अधिकार त्याला असावा. अभियांत्रिकी महाविद्यालयांत एका गटाचे डिझाइन दुसऱ्या गटाने तपासावे, आणि खरी चूक शोधणाऱ्यास डिझाइनकर्त्याइतकेच गुण मिळावेत. आणि चौथी गोष्ट साधनांची. सिम्युलेशनची व्यावसायिक साधने मुख्यत्वे सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्स या तीन कंपन्यांच्या हाती आहेत. मे २०२५ मध्ये अमेरिकेने चीनला अशा साधनांची विक्री रोखली आणि जुलैमध्ये ती बंदी उठवली. सहा आठवड्यांचा तो खेळ आपणही पाहिला. चिप स्वदेशी, आणि ती खरी की खोटी हे सांगणारा तराजू परदेशी, ही स्थिती स्वाभिमानी राष्ट्राला शोभत नाही. व्हेरिलेटरसारखी मुक्तस्रोत साधने उपलब्ध आहेत. ती वापरणे, सुधारणे आणि त्यांवर आपली साधने उभारणे आपल्या तरुणांच्या आवाक्यातले आहे.

बुरूज बांधणारा राजा

रायगडावरची हिरकणीची आख्यायिका कोणाला ठाऊक नाही? दूध घालायला गडावर आलेली ती गवळण, दरवाजे बंद झाल्यावर घरी तान्हे बाळ आहे म्हणून रात्रीच्या अंधारात कडा उतरून गेली. गडाचे दरवाजे भक्कम होते, पहारे चोख होते, यादीप्रमाणे सारे तपासून झालेले होते. शंभर टक्के! आणि एका आईने दाखवून दिले की यादीत एक कडा राहून गेला आहे.

महाराजांनी काय केले? "तो कडा कोणी उतरूच शकत नाही, यादीतून वगळा," असे म्हटले नाही. हिरकणीला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला, आणि त्याच जागी बुरूज बांधून त्याला तिचे नाव दिले. आख्यायिका असली, तरी राजा कसा असावा याविषयीची मराठी मनाची अपेक्षा तिच्यात सामावलेली आहे.

आज देशाच्या तंत्रज्ञानाच्या गडाला शेकडो कडे आहेत आणि ते उतरून पाहणाऱ्या हजारो हिरकण्या आपल्याच घरांत आहेत. बंगळुरूला, पुण्याला, हैदराबादला रात्री दोन वाजता त्या पडद्यासमोर बसलेल्या असतात. त्यांना आपण 'अच्छा, टेस्टिंग' म्हणतो, त्यांची लेखी हरकत बाजूला ठेवतो आणि शंभराच्या फलकासमोर मिठाई वाटतो.

ते स्थळ पुढे जुळले नाही. त्याचे वाईट वाटत नाही. परंतु पुढच्या वेळी बहिणीच्या घरी कोणी तोच प्रश्न विचारला, तर उत्तर मामा देणार आहे: "होय, आमचा मुलगा तपासतो. चिप चुकली तर ती थांबवायचे धैर्य त्याच्यात आहे. तुमच्या मुलीला असा नवरा मिळत असेल, तर दुसरी बैठक इथेच ठरवू."